इंजेक्टर दगा देतो तेव्हा: मराठवाड्याच्या रस्त्यावर काय तपासायचं आणि डिकीत काय ठेवायचं

गेवराई, लोहा, जिंतूर, भूम असल्या तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचे मिस्त्री एकापेक्षा एक सरस भेटतात. जुन्या जीपचा पंप ते आवाजावरून ओळखतात. पण आजच्या डिझेल गाडीचा इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, तपासायचा तर टेस्ट बेंच (इंजेक्टर काढून दाबाखाली तपासायचं यंत्र) लागतं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो, आणि ते बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी, मोजक्याच पंप-नोझलवाल्यांकडं असतं. अहमदपूरच्या पुढं गाडी बसली, तर जवळचं टेस्ट बेंच पन्नास-साठ किलोमीटरवर असू शकतं.

म्हणून बरेच जण विचारतात, एक इंजेक्टर जास्तीचा घेऊन डिकीत टाकून ठेवू का? कॉमन रेल डिझेल गाडी (जिच्यात ‘रेल’ या एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरांना डिझेल जातं) असेल तर माझं उत्तर ठाम आहे: नको. त्याच पैशात इंजेक्टरच्या आधी जे जे बिघडतं त्याचं सामान घ्या आणि ते वापरायला शिका. रस्त्यावर "इंजेक्टर गेला" म्हणून ज्या गाड्या टोचन करून येतात, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत फिल्टरमधलं पाणी, निसटलेली रिटर्न नळी (उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणारी), उंदरानं कुरतडलेली वायर किंवा मेलेला रिले (विजेचा स्विच) एवढंच निघतं.

आधी आपली गाडी कोणत्या प्रकारची ते ओळखा

जुनी सुमो, कमांडर, ट्रॅक्स, सुरुवातीची बोलेरो या यांत्रिक पंपाच्या गाड्या. पंपाकडून डिझेल दाबानं येतं आणि त्याच दाबानं नोझल उघडतं, विजेचा संबंध नाही. या गाड्यांसाठी एक तपासलेलं नोझल होल्डरसकट आणि दोन-चार तांब्याचे वॉशर जवळ ठेवणं आजही शहाणपणाचं आहे. जाणता मिस्त्री झाडाखाली बसून ते बदलतो.

कॉमन रेल म्हणजे १.३ मल्टिजेट इंजिनाची स्विफ्ट-डिझायर, इनोव्हा, स्कॉर्पिओचं एमहॉक इंजिन आणि त्यानंतरच्या जवळपास सगळ्या डिझेल गाड्या. यांच्या रेलमध्ये १,६०० बारपर्यंत आणि नव्या गाड्यांत त्याहूनही जास्त दाब जातो. टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. इथं इंजेक्टर कॉम्प्युटरच्या हुकमावर उघडतो. प्रत्येक इंजेक्टरच्या अंगावर त्याचा स्वतःचा कोड छापलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत तो कोड गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये स्कॅनरनं भरावा लागतो. कोड न भरता बसवला तर गाडी चालूही होईल, पण ठोके, धूर आणि मिसिंग (एखाद्या सिलिंडरनं नीट न पेटणं) पाठ सोडणार नाहीत. शिवाय बसवताना धुळीचा कण आत गेला तर नवा इंजेक्टरही खराब होतो. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत, रस्त्याच्या कडेला ही कामं करायची नसतात.

पेट्रोल गाड्यांत नेहमीची एमपीएफआय पद्धत (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणारी) असेल तर दाब ३ ते ४ बार एवढाच. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणारी नवी टर्बो इंजिनं मात्र डिझेलसारखीच समजा, त्यांच्या रेलला हात लावू नका.

गाडी अडखळली: पहिली दहा मिनिटं

गाडी डावीकडं, शक्य तितकी डांबराबाहेर घ्या. चारही इंडिकेटर लावा, मागं बऱ्यापैकी अंतरावर त्रिकोण ठेवा. समृद्धीवर असाल तर सगळ्यांना उतरवून रेलिंगच्या पलीकडं उभं करा. तिथं गाड्या १२० च्या वेगानं येतात, बॉनेट उघडून कडेला उभं राहण्यासारखी ती जागा नाही. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लागतो. समृद्धी राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, त्याचा मदत क्रमांक निघण्याआधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

सेल्फ मारत बसू नका. दहा सेकंद सेल्फ, मग मिनिटभर विश्रांती, असं तीनदा. तेवढ्यात चालू झाली नाही तर कारण शोधा. बॅटरी उतरली की फिल्टर बदलूनही गाडी उठत नाही.

आता बॉनेट उघडा आणि काहीही खोलण्याआधी नुसतं पाहा, वास घ्या. कुठं ओलं दिसतंय का? डिझेलचा वास येतोय का? इंजिनावर डिझेल ठिबकत असेल तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, कारण तापलेल्या टर्बोवर आणि सायलेन्सरच्या नळीवर पडलेलं डिझेल पेटतं.

आणि एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे म्हणून इथंच सांगतो. चालू इंजिनावर रेलच्या लोखंडी नळ्यांजवळ बोट फिरवून गळती शोधायची नाही. जुन्या यांत्रिक पंपावर मिस्त्री एकेका नळीचा नट सैल करून कोणतं नोझल काम करत नाही ते शोधायचे. तीच सवय कॉमन रेलवर केली तर डिझेलची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. वरून फक्त सुई टोचल्यासारखी खूण दिसते, आतून हात सडायला लागतो. असं कुणाला झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या आणि "हाय प्रेशरचं डिझेल आत गेलंय" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गळती पाहायचीच तर पुठ्ठ्याचा लांब तुकडा धरून पाहा, आणि इंजिन बंद केल्यावरही नळीला हात लावण्याआधी काही मिनिटं जाऊ द्या.

लक्षणं काय सांगतात

पाचोडला चहाला थांबलात, वीस मिनिटांनी निघायला गेलात तर सेल्फ फिरतोय पण गाडी उठत नाही, आणि इंजिन थंड झाल्यावर मुकाट्यानं चालू होते. ही थकलेल्या इंजेक्टरची फार ओळखीची खूण आहे. इंजेक्टर आतून झिजला की रेलमधलं डिझेल रिटर्नच्या वाटेनं निसटतं. गरम डिझेल पातळ होतं, त्यामुळं निसटणं वाढतं. गाडी चालू व्हायला बहुतेक कॉमन रेल इंजिनांत २०० बारच्या आसपास तरी दाब लागतो, तो सेल्फच्या फिरण्यावर तयारच होत नाही. परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर गेला की ही तक्रार वाढते ती यामुळंच. मात्र क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा) गरम होऊन बंद पडला तरी अगदी हेच घडतं, म्हणून दोषाचा कोड पाहिल्याशिवाय इंजेक्टर काढू देऊ नका.

पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. काळा धूर आणि पिकअप नाही, तर आधी टर्बोची रबरी नळी फाटली आहे का ते पाहा. ती फाटली की नेमका असाच धूर येतो आणि दोष इंजेक्टरच्या माथी बसतो. बॉनेटखालून फस-फस आवाज येतो, केबिनमध्ये धुराचा वास येतो आणि एखाद्या इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचलेला दिसतो, तेव्हा इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर फुंकतोय. इंजेक्टर चांगला असतो, वॉशर स्वस्त असतो. पण महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं तर तो काळा थर इंजेक्टरला हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) असा जखडून टाकतो की काढताना हेडच खाली घ्यावं लागतं.

फिल्टर आणि पाणी

इथं जास्त वेळ द्या. मराठवाड्यात डिझेल गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान पाण्यानं आणि घाणीनं होतं, आणि त्याला कारण आहे. शेतावर ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेल प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पडून राहतं, रात्रीच्या गारव्यानं आत पाणी धरतं, तळाशी गाळ बसतो. अडचणीच्या वेळी तेच डिझेल गाडीत ओततात. ट्रॅक्टरच्या जुन्या पंपाला जे पचतं ते कॉमन रेलला पचत नाही.

फिल्टरच्या बुडाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवा, खाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू हळूच सैल करा. निघालेलं पाच मिनिटं स्थिर ठेवा. वर पिवळसर डिझेल आणि खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. काळा गाळ किंवा शेवाळासारखे गुठळे निघाले तर फिल्टरच बदला.

नवा फिल्टर लावताना बाहेरून आणलेलं डिझेल त्यात ओतून भरू नका, ते न गाळता थेट पंपाकडं जाऊ शकतं. फिल्टरवर हातपंप किंवा रबरी फुगा असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत विजेचा पंप असेल तर चावी ऑन करून दहा सेकंद थांबा, बंद करा, असं चार-पाच वेळा, मग सेल्फ.

जुना फिल्टर फेकण्याआधी त्यातलं डिझेल पांढऱ्या वाटीत ओता आणि उन्हात धरून हलवा. चमकीसारखे बारीक धातूचे कण तरंगताना दिसले, चुंबकाला चिकटले, तर हाय प्रेशर पंप आतून झिजतोय. अशा वेळी नुसते इंजेक्टर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. पंप, रेल, नळ्या, टाकी सगळं साफ झाल्याशिवाय नवे इंजेक्टरही त्याच चमकीनं जातात. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं तरी शेवट हाच होतो, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. असं झाल्यावर चावीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करा.

वायर, रिले, रिटर्न नळी

सरकीच्या किंवा ज्वारीच्या गोदामाजवळ गाडी उभी राहत असेल तर इंजेक्टरच्या वायरींवर टॉर्च मारून पाहा. उंदरांना तिथली ऊब आवडते. चावी काढून प्रत्येक कनेक्टर नीट बसलाय का ते दाबून बघा. चालू इंजिनावर डिझेल इंजेक्टरचे कनेक्टर ओढू नका आणि बॅटरीच्या वायरी थेट इंजेक्टरला लावून "टिक टिक करतोय का" हा प्रयोग तर मुळीच नको. तसा प्रयोग केल्यानं चांगला इंजेक्टर जळतो.

फ्यूएल पंपाचा रिले आणि हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत सारखाच असतो. वरचा नंबर जुळला तर अदलाबदल करून पाहा, गाडी उठली तर दोष सापडला.

रिटर्नच्या बारीक नळ्या इंजेक्टरच्या डोक्यावरून जातात. उष्णतेनं त्या कडक होतात, प्लॅस्टिकची टोपणं तडकतात. तुटलेली नळी खिळा ठोकून किंवा स्क्रूनं बंद करू नका, त्याच मापाची डिझेलला टिकणारी नळी लावा.

साध्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलवर (गाडीच्या तपासणी-सॉकेटमध्ये खोचायचं छोटं यंत्र) मोबाइलमध्ये दोषाचे कोड वाचता येतात. पी ०२०१ ते पी ०२०४ म्हणजे अनुक्रमे एक ते चार नंबरच्या इंजेक्टरची वायरिंग. इथं वायर आणि कनेक्टर आधी. पी ००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. इथं फिल्टर आधी, मग रिटर्न, मग पंप. पी ०३०१ ते पी ०३०४ म्हणजे त्या-त्या सिलिंडरचं मिसिंग. कोडचा फोटो काढून ठेवा, लगेच पुसू नका.

सलाइनच्या नळ्यांची तपासणी

ही तपासणी रस्त्यावर करू नका, गॅरेजात करून घ्या. पण ती कशी होते ते गाडीमालकाला माहीत असायला हवं. मिस्त्री रिटर्नच्या नळ्या काढून प्रत्येक इंजेक्टरला सलाइनची एकेक नळी लावतो आणि तिचं टोक सारख्या मापाच्या बाटलीत सोडतो. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवायचं आणि बाटल्या शेजारी शेजारी मांडायच्या. एकीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल साठलं तर दोषी कोण ते समोर दिसतं. गाडी चालूच होत नसेल तर नुसत्या सेल्फवरही फरक कळतो. चारही इंजेक्टर बेंचवर पाठवण्याआधी ही तपासणी मागून घ्या. पिझो पद्धतीच्या (विजेच्या स्फटिकानं उघडणाऱ्या) इंजेक्टरांना मात्र ती चालत नाही, त्यांच्या रिटर्नमध्ये मुद्दाम दाब राखलेला असतो.

पेट्रोल आणि सीएनजी

एमपीएफआय इंजिनात लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजेक्टरला लावलं की टिक-टिक ऐकू येते. तीन बोलतात, एक गप्प, तर त्याचा कनेक्टर काढून मल्टिमीटरनं रोध मोजा. बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या आसपास येतो. आतली वायर तुटलेली असेल तर मीटरवर ‘OL’ किंवा नुसता ‘1’ येतो. या गाड्यांत त्याच पार्ट नंबरचा एक चांगला इंजेक्टर आणि ओ-रिंग जवळ ठेवायला हरकत नाही, कारण कोड भरायची भानगड नसते. पण बदलायचा तो इंजिन थंड झाल्यावर, फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवून दाब उतरवल्यावर, आणि आसपास कुणी बिडी ओढत नसताना.

बहुतेक सीएनजी गाड्या सुरू पेट्रोलवर होतात. वर्षभर सीएनजीवरच पळवली की पेट्रोलचे इंजेक्टर चिकट होतात आणि नेमकं सीएनजी संपल्यावर गाडी अडते. रोज थोडं अंतर पेट्रोलवर चालवा, पाव टाकी तरी पेट्रोल ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत हे लक्षात ठेवा.

चालवत न्यायची की टोचन?

नुसतं पिकअप कमी आहे, आवाज नेहमीचा आहे, गळती नाही, तर हळूहळू जवळच्या गावापर्यंत न्यायला हरकत नाही. पण एका सिलिंडरमधून हातोडी मारल्यासारखा ठोका आणि सोबत दाट पांढरा धूर असेल तर तिथंच बंद करा. इंजेक्टर उघडाच राहिलाय. आणखी दहा किलोमीटरमध्ये पिस्टनला भोक पडू शकतं आणि काही हजारांचं काम लाखाच्या घरात जातं. डिपस्टिक काढून पाहा: ऑइलची पातळी वाढलेली, ऑइल पातळ, डिझेलचा वास, असं असेल तर एक किलोमीटरही नाही. पेट्रोल गाडीत चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तरी थांबा, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर साफ करणारा भाग) जाळतं.

ऑटोमॅटिक गाडी दोरीनं ओढू नका, फ्लॅटबेड मागवा.

डिकीतली पेटी

डिझेल गाडीसाठी: सीलबंद डिझेल फिल्टर त्याच्या ओ-रिंगसकट, रिटर्न नळीचा हातभर तुकडा आणि चार क्लिपा, इंजेक्टरचे तांब्याचे वॉशर एक संच, फ्यूएल पंपाचा रिले, निरनिराळ्या अँपिअरचे फ्यूज, इन्सुलेशन टेप, केबल टाय. हत्यारांत ८, १०, १२, १३ चे पाने किंवा बॉक्स, पक्कड, दोन्ही स्क्रूड्रायव्हर, डोक्याला बांधायची टॉर्च, मल्टिमीटर, ओबीडी डोंगल. वर हातमोजे, पारदर्शक बाटली, पुठ्ठा, धागे न सुटणारं फडकं आणि टोचनाचा पट्टा. फिल्टर घेताना जुन्याचा पार्ट नंबर फोटोवरून जुळवा. एकाच मॉडेलला साल बदललं की फिल्टर बदललेला असतो.

तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा वापरायचा नाही, आणि जाडी कंपनीनं दिलेलीच हवी. ओ-रिंग आणि वॉशर चेनच्या पिशवीत, उन्हापासून दूर ठेवा. सुटं पेट्रोल डिकीत नको.

आणि मोबाइलमध्ये चारही इंजेक्टरच्या कोडचे फोटो, सिलिंडरच्या क्रमानं. आज इंजिन स्वच्छ असताना काढा, नंतर ते आकडे घासून जातात.

पंप-नोझलवाल्याकडं

काढताना प्रत्येक इंजेक्टरवर सिलिंडरचा नंबर लिहायला सांगा, नळ्यांची तोंडं लगेच झाकायला सांगा. बेंचवर आधीचा रिपोर्ट मागा: फुल लोडला, आयडलला किती डिझेल सोडतो, रिटर्न किती. दुरुस्तीनंतरचा रिपोर्ट त्याच्या शेजारी ठेवून पाहा. बदललेलं नोझल आणि व्हॉल्व्ह परत मागा. बसवताना हेडमधली जागा साफ झाली का, वॉशर नवे घातले का, बोल्ट टॉर्क पान्यानं आवळले का, कोड भरला का, हे चार प्रश्न विचाराच. चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

ऑइलमध्ये डिझेल उतरलं असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदला, डिझेल फिल्टरही नवा घाला. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून इंजेक्टरच्या बुडाशी ओल किंवा काळा डाग आलाय का ते टॉर्चनं पाहा. आठवडाभरानं डिपस्टिक पुन्हा बघा. पातळी वाढलेली दिसली तर गाडी परत त्याच बेंचवर न्या, आणि रिपोर्ट सोबत ठेवा.